पालीची साक्ष

आमच्या बाबांना देवाखालोखाल भरवसा पालीचा. बोलताना पाल चुकचुकली की ते खुर्चीच्या हातावर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात, आणि बोललेलं खरं ठरतं. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "पिंगुळीचां स्थळ आमका नको." पाठीमागून चुक् झालं. संपलं माझं लग्न.

पिंगुळीचं स्थळ म्हणजे समर्थ. कुडाळात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि मला तो मनापासून आवडलाय. पण मला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं पालीला.

मी आंब्याच्या पेट्यांची लेबलं बनवते. माझा जुना कॉम्प्युटर बाबांच्या खुर्चीमागेच. परवा वीज गेली आणि बाबा तासभर बोलले, तरी पाल गप्प. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉम्प्युटर अडकत चाललाय, असं सांगून मी समर्थला बोलावलं. आमच्या मिठबावात दुसरं कोण येणार, म्हणून बाबांनी येऊ दिलं. चहा मात्र अर्धाच कप.

समर्थने पडद्यावर हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली, दोन ओळी टाईप केल्या आणि डब्याला कान लावला. चुक्.

"काकानू, ही पाल नाय, हार्डडिस्क आसा. वीज वाचवूक आठ आठ सेकंदांनी झोपता, तेचो आवाज."

त्याने झोपेचा आकडा ८० वरून २५४ केला, म्हणजे झोपूच नको. आवाज थांबला. मशीन बंद करून चालू केलं, तर परत चुक्. बाबांचा चेहरा खुलला.

"बघ किशोरी, इली."

"बंद केलां की ती सांगलेलां इसारता," समर्थ म्हणाला. मशीन सुरू होताना जी फाईल वाचते, तिच्यातच त्याने तो हुकूम लिहून ठेवला. पुन्हा चालू केलं. शांत.

बाबांनी बोट तयार ठेवलं. "पिंगुळीचां स्थळ नको." काही नाही. जरा मोठ्याने म्हणाले. काही नाही. मग समर्थकडे न बघता, हळूच, "पिंगुळीचां स्थळ बरां आसा." तरी काही नाही. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. माणूस एकदम एकटा पडला होता.

"आता इचारूचां कोणाक?" ते म्हणाले.

"माका इचारा, बाबानू."