काजळीतून सुटलेला नॅनोहिरा

मी एक जुना हिऱ्याचा कण आहे. मित्रांनो, लगेच अंगठी शोधू नका! तुमच्या एका केसाच्या रुंदीत माझ्यासारखे हजारो जण सहज मावतील. म्हणूनच मला नॅनोहिरा म्हणतात.

माझा जन्म बंद पोलादी टाकीतल्या स्फोटात झाला. धडाम! त्या दणक्यात स्फोटकातल्याच कार्बनचा हिरा झाला. पण जन्मतःच अंगाला काजळी चिकटली आणि आम्ही भावंडं एकमेकांना अशी बिलगलो की सुटता सुटेना. एका संशोधकांनी आम्हाला बाटलीत भरून नेलं. पाण्यात सोडलं की आम्ही गाळ होऊन तळाशी बसायचो. त्यांनी खूप खटपट केली, शेवटी नाद सोडला. मग कित्येक वर्षं मी कपाटात पडून होतो. फार वाईट वाटायचं हो!

ते निवृत्त झाल्यावर कपाट रिकामं करायला आले आणि बाटली कचऱ्यात टाकायला निघाले. त्यांची लेक त्याच प्रयोगशाळेत काम करायची. तिने बाटली हिसकावलीच.

"बाबा, एकदा मला बघू द्या ना!"

"अगं, काजळी आहे ती. माझं आयुष्य गेलं, तू नको डोकं फोडूस."

"शनिवारपर्यंत हे पाण्यात तरंगत राहिले नाहीत, तर मीच फेकून देईन. मग तर झालं?"



तिने आम्हाला भट्टीत हवेत तापवलं, तेही जपून, कारण आच जास्त झाली तर काजळीबरोबर हिराही जळतो. काजळी गेली. अंगावर ऑक्सिजनचे नवे अणुगट बसले. पाण्यात उतरताच आम्हा सगळ्यांवर सारखाच ऋण विद्युतभार आला आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी तिने आम्हाला हलवलं मात्र, जो तो म्हणू लागला, "सरक तिकडे!" पाणी पातळ चहासारखं झालं, पण आरपार दिसणारं.

शनिवारी बाबा ते बघून हरखले. बाटली थोडी रिकामी होती. "थांब, मी भरतो," म्हणत त्यांनी पाणी ओतलं. थोड्याच वेळात सगळं गढूळ झालं आणि आम्ही भराभर तळाशी बसलो. लेकीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा, पाणी कुठलं घातलंत?"

"कुठलं म्हणजे? नळाचं."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी आमचा भार झाकून टाकला होता, मग एकमेकांना ढकलणार कसे? आयुष्यभर विद्यार्थ्यांना ज्यावरून झापलं, तेच त्यांच्या हातून झालं! घरी कुंड्यांना पाणी घालायची सवय, दुसरं काय?

"आता गेलं सगळं," ते पुटपुटले.

"काही गेलं नाही. बसा तुम्ही."

तिने आम्हाला यंत्रात वेगाने फिरवून खाली बसवलं, वरचं पाणी काढलं, शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, पुन्हा हलवलं. बाबा चष्मा पुसत उभेच होते. हळूहळू पाणी परत आरपार झालं. त्यांनी बाटली खिडकीशी धरली. डोळे भरून आले.

"यांना मी कचरा म्हणत होतो गं!"

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. आम्हाला शुद्ध पाणी द्या, उजेडात ठेवा, आणि अंगावरची काजळी बघून फेकायच्या आधी एकदा लेकीला विचारा.