घंटी माझी, जिने ताईंचे

मी लिफ्ट बोलतेय. या, आत या, पण आतल्यांना आधी उतरू द्या. एवढी एक साधी गोष्ट आजवर मला कुणाच्या गळी उतरवता आलेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात वाळूची पोती भरून मला वरखाली नाचवलं आणि आत पाटी ठोकली, 'सहा माणसं'. जास्त भार झाला की ओरडायला एक घंटी दिली. तेव्हा मला त्या घंटीची लाज वाटायची. जड झालं तरी मुकाट्यानं ओढावं, उगाच कांगावा कशाला, असं वाटायचं. कोरी करकरीत होते, दुसरं काय!

मग या ऑफिसच्या इमारतीत आले आणि आठवड्याभरात डोळे उघडले. सहा माणसं म्हणजे नेमकी किती, यावर इथं एकमत नाही. कॅशियर स्वतःला एक धरतात. मी काही बोलत नाही. शिवाय प्रत्येकाची डब्याची पिशवी, लॅपटॉप, छत्री आणि घरून आणलेलं टेन्शन असतंच. टेन्शनला वजन नसतं म्हणता? सकाळी चढलेली माणसंच मी संध्याकाळी खाली सोडते, फरक मला विचारा.

घंटी वाजली की खरी गंमत सुरू होते. उतरत कुणीच नाही. जो तो दुसऱ्याच्या पोटाकडे बघतो. कुणी श्वास रोखून धरतं, कुणी टाचा उचलून चवड्यांवर उभं राहतं. टायपिस्ट बाई दरवेळी आपली पर्स खाली ठेवतात आणि आता थांबेल अशा खात्रीनं घंटीकडे बघतात. अहो बाई, ती फरशीही माझीच आहे.

मग कोपऱ्यातून आवाज येतो, "राहू दे, मी जाते जिन्यानं."

या आमच्या ताई. वरच्या मजल्यावर हेडक्लार्क आहेत. साहेबांपेक्षा वयानं मोठ्या, म्हणून साहेबही त्यांना ताई म्हणतात आणि कामं मात्र लाडक्या भावाच्या हक्कानं सांगतात. ताई सगळ्यांच्या आधी आत आलेल्या असतात, तरी उतरतात त्याच. बाकीचे 'अहो ताई, कशाला' म्हणत लगबगीनं वाट करून देतात.

वरही तीच तऱ्हा असावी, कारण माणसं माझ्यात सगळं बोलतात. कुणाची पाठ धरलीय, कुणाला लवकर निघायचंय, कुणाला नवा कॉम्प्युटर उमगत नाही. सगळ्यावर एकच तोडगा, ताई बघतील. कामाचा डोंगर आणि त्याखाली ताई. संध्याकाळी माझ्यात पाऊल टाकताना त्यांचा खांदा एका बाजूला कललेला असतो.

माझ्या मागच्या भिंतीला आरसा आहे. ताई सकाळी लवकर येतात, एकट्याच असतात, आणि वर जाताना आरशात बघून बोलतात. आधी मला कळेना, बाई कुणाशी बोलतेय. मग लक्षात आलं, सराव चाललाय. "नाही, मला जमणार नाही." छे, फार कडक झालं. "माफ करा हं, आज नाही जमायचं." हे जरा बरं. तेवढ्यात दार उघडतं, समोर कुणीतरी फाइली घेऊन उभं असतं आणि ताई म्हणतात, "हो हो, ठेवा टेबलावर."

त्यांना सरावाला वेळ मिळावा म्हणून मी हळू चालायला लागले. लिफ्ट मंद झालीय, अशी साहेबांनी तक्रार केली. मी ऐकून घेतली.

एकदा ताई फोनवर धाकट्या बहिणीशी बोलत आत आल्या. डॉक्टरांनी गुडघा बघून जिने बंद करायला सांगितले होते, नाहीतर नोकरीच बंद करावी लागेल म्हणाले होते. घरी बसले तर घर खायला उठेल गं, असं ताई म्हणाल्या आणि दार उघडेपर्यंत डोळे पुसत राहिल्या. माझा जीव तसा कायमच टांगलेला, पण त्या दिवशी तो खरोखर टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खचाखच भरले. ताई कोपऱ्यात. सर्वांत शेवटी साहेब आले, हातात फाइलींची चळत. घंटी वाजली. सगळ्यांच्या माना सवयीनं कोपऱ्याकडे वळल्या.

ताई हलल्या नाहीत. दांडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. टाचा उचलल्या गेल्या, पर्स खाली गेली, घंटी वाजतच राहिली. साहेबांना घाम फुटला. मग त्यांना काहीतरी सुचलं. आपली चळत त्यांनी ताईंच्या हातात दिली, "ताई, जरा धरा," म्हणाले आणि आता थांबेल म्हणून वर बघू लागले. बाकीचेही बघू लागले. त्यांची तरी काय चूक? ताईंच्या हातात दिलं की वजन संपतं, हा त्या ऑफिसचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

ताईंनी फाइलींकडे बघितलं. मग आरशाकडे वळल्या.

"नाही," त्या सवयीनं आरशाला म्हणाल्या. आरशात त्यांच्यामागे साहेब उभे होते.

आता माघार घ्यायला जागाच नव्हती. ताई वळल्या. आवाज कापत होता, पण शब्द पाठ होते. "साहेब, मला जमणार नाही. माझा गुडघा गेलाय. शेवटी तुम्ही आलात, तुम्ही जिन्यानं या. आणि या फाइली तुमच्या आहेत."

साहेब उतरले, फाइलींसकट. घंटी थांबली. त्या दिवशी माझ्यात सहा माणसं होती, तरी मला पिसासारखं हलकं वाटलं.

साहेब वर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. तुम्ही हे रोज चढायचात, एवढंच त्यांनी ताईंना विचारलं आणि फाइली घेऊन आपल्या खोलीत गेले. मात्र घंटीचा राग गेला नाही. ती काढून टाकायला त्यांनी मेकॅनिक बोलावला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत तपासलं आणि हात पुसत साहेबांना सांगितलं, "घंटीला हात लावू नका. ही वाजते म्हणून दोर शाबूत आहेत." ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

आता माझी रया गेलीय, बटणांवरचे आकडे पुसट झालेत. ताई अजून कामावर येतात आणि आरशात फक्त केस सारखे करतात. मी मात्र सवयीनं हळूच चालते.

तेव्हा, आत या. घंटी वाजली तर शेवटी आलेल्यानं उतरा. कोपऱ्यात कुणी गप्प उभं असेल, तर जड होतंय का, एवढं विचारा. घंटी सगळ्यांना बसवून मिळत नाही हो.

आणि बाई, पर्स हातातच राहू द्या.