दहा लाख तीन

यशया सरांचा सत्कार ठरला तेव्हाच मला वास आला होता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष वैजनाथराव कुणाला फुकटचा चहाही पाजत नाहीत, शाल कुठून पांघरवणार?

सर आमच्या जामखेडच्या शाळेतले गणिताचे जुने मास्तर. छडीला त्यांनी कधी हात लावला नाही. चुकलेल्या पोराला एक मोठी संख्या द्यायची आणि तिला भाग जाणारा आकडा सापडेपर्यंत उभं करायचं, ही त्यांची शिक्षा. वैजनाथराव लहानपणी दहा लाख तीनपायी महिनाभर उभे होते. आता सरांची लेक आराधना तोच वर्ग घेते, पण तात्पुरती. तिला कायम करायचा कागद अध्यक्षांच्या खिशात. आणि ती वडिलांकडून घेतलेली तीच संख्या पोरांना देते. परवा ती अध्यक्षांच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या वाट्याला आली.

शाल, नारळ, टाळ्या झाल्या. मग वैजनाथरावांनी मांडवात फळा आणवला. राजनंदिनीला मुद्दाम पुढं उभं केलं आणि खिशातला कागद बाहेर काढला.

"सर, दहा लाख तीनला कशानं भाग जातो तेवढं दाखवा. दाखवलं की मॅडमच्या कागदावर सही. हितंच."

मी चित्रकलेचा माणूस, पण सरांचा चेहरा पडलेला मला दिसला. आराधनाला नाही दिसला. ती हसत म्हणाली, "पप्पा, दाखवा ना. तुम्हाला काय अवघड आहे?"

सरांनी सातनं भागलं, चार उरले. अकरानं चार. तेरानंही चारच. त्या संख्येची गोम हीच आहे, आता जाईल, आता जाईल असं वाटत राहतं. सतरानं बारा उरले. सर फळ्याला टेकले. मी खुर्ची पुढं केली, ती वैजनाथरावांनी पायानं आराधनाकडं सरकवली.

"भाग सापडल्याबिगर बसायचं न्हाई, सर. नियम तुमचाच हाय."

सदतिसानं पुन्हा चार. फळा भरला. सरांनी खडू खाली ठेवला.

"भाग जात नाही. मूळ संख्या आहे ती, कशानंच जाणार नाही."

"हे कवापासून ठाऊक हाय तुमाला?"

"पहिल्यापासून."

म्हातारा दुष्ट होता आणि मला त्याची दया येत होती, दोन्ही खरं.

"पप्पा, मला का नाही सांगितलंत?" आराधना म्हणाली. "मी रोज पोरं उभी करते."

वैजनाथरावांनी कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला आणि लेकीला म्हणाले, "राजू, बस बाई आता."

पोरगी बसली. सरांनी आराधनाकडं पाहिलं, मग तिच्याजवळच्या खुर्चीकडं. आराधनानं खुर्ची ओढली आणि स्वतः तिच्यावर बसली.