एकहाती बूट

बायको जाऊन वर्षं लोटली, तरी बूटवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात ती रोज दुपारी यायची. दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. एक पाय आखूड, त्या पायात जाड तळाचा बूट, हातात काठी. चाल लाखात ओळखू येईल अशी. ठक, सर्र, ठक. तो मान वर न करता म्हणायचा, "बस गं." लोक म्हणत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरू दे की! कुणाच्या बापाचं काय जातंय?

एक हात कायम काठीत अडकलेला, म्हणून एका हातानं बांधता येईल अशी नाडी तिनंच शोधून काढली होती. बाजूच्या आकड्यातून ओढली की घट्ट बसायची. अर्धांगाचा झटका आलेली माणसं लांबलांबून हे 'एकहाती' बूट घ्यायला येत. दुकान त्या बुटांवरच चालत होतं.

आणि मग ती कंपनी उपटली. जन्मात कधी एक टाच ठोकली नाही, कारखाना नाही, कारागीर नाही. कुणाचं तरी जुनं पेटंट विकत घ्यायचं आणि छोट्या दुकानदाराच्या मानगुटीवर बसायचं, हाच धंदा. म्हणे, एका हातानं बांधायची नाडी आमची! पैसे भरा, नाहीतर बूट बंद करा.

मुलगी त्यांच्या पत्त्यावर जाऊन आली. "बाबा, तिथं नुसती पाटी आहे. खोलीत साधी खुर्चीसुद्धा नाही."

"मग भांडू कुणाशी? भुताशी?"

मुलीनं गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "पेटंटच्या आधी शिवलेला एक बूट दाखवा. खटला संपला."

प्रत्येक तळाच्या आत तो बूट शिवल्याचं साल ठोकायचा. पण जुना नमुना ठेवायचा नाही, कापून ठिगळांना वापरायचा, ही त्याच्या बापाची शिस्त. ते सगळे कापून झाले होते, गिऱ्हाइकांकडचे जुने जोड कधीच झिजून गेले होते. उरला होता एकच जोड, पहिलावहिला, तिचा. तो तिच्या पायात होता आणि ती मातीखाली होती.

मुलगी रडत म्हणाली, "आईच म्हणाली असती, काढा."

"तिच्या तोंडी घालू नकोस काही!" तो खेकसला. पण दुकान बुडालं तर पोर रस्त्यावर येणार होती. काळजावर दगड ठेवून त्यानं माती उकरायच्या अर्जावर सही केली.

बूट निघाले. साल स्पष्ट दिसत होतं. ते पाहिलं आणि कंपनीनं शेपूट घातलं.

"आता परत तिच्या पायात घालू या," तो म्हणाला.

"काका, माती पुन्हा उकरायची परवानगी मिळायची नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणि उद्या हेच लोक नवी पाटी लावून येतील. पुरावा हाताशी हवा." बूट त्यांच्या कपाटात कुलूपबंद झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी! मुलीनं सगळ्यांना चहा दिला. "जिंकलो, बाबा! हसा की जरा."

तो दाराकडे बघत बसला होता. "कशी येईल गं आता ती? अनवाणी तिला दोन पावलं टाकता येत नव्हती."