उतारावरची जागा

अकरा वाजता जागेच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. साडेनऊला ताई म्हणाली, "आधी टँकर आत घालून बघते."

भाऊ वैतागला. पेट्रोल पंपासाठी ही जागा त्यानं चार महिने वणवण करून शोधली होती. उतार आणि वळण संपतं तिथंच, मोक्याची. "उगाच फाटे फोडू नकोस, ताई. मास्तरांकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"पंपावर गाड्या येतील, तसा टँकरही येणार. अठरा वर्षं तोच चालवतेय मी."

जागेचे मालक, निवृत्त मास्तर, घड्याळ बघत कुंपणाशी उभे होते. ताईनं रिकामा टँकर आणला आणि आत वळवला. तोंड आत गेलं, पण शेपूट रस्त्यावरच राहिलं. एकदा मागं घेतल्याशिवाय वळण बसेना. तेवढ्यात वरून हॉर्न ऐकू आला.

भाऊ वळणाकडे धावत सुटला. "थांबा! थांबा!" बस दिसली तीच अगदी समोर. ब्रेक किंचाळले. ताईला आरशात बसची काच मोठी होत जाताना दिसली. मागं घ्यायला वेळच नव्हता.

"मास्तर, बाजूला व्हा!" ती ओरडली आणि तिनं टँकर पुढं रेटला. कुंपणाचे दोन खांब काडकन मोडले. बस वीतभर अंतरावरून निसटली आणि पुढं जाऊन थांबली. आत कुणाचं तरी मूल रडत होतं.

ताई खाली उतरली. भाऊ रस्त्याकडेला मटकन बसला होता.

"आज रिकामा होता," ती म्हणाली. "उद्या भरलेला असेल."

भाऊ घोटभर पाणी प्यायला. मग उठून मास्तरांना म्हणाला, "सही नाही करत आम्ही. खांब उद्या बसवून देतो."

"दुसरा घेईल की," मास्तर पुटपुटले.

दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा भाऊनं सगळा प्रकार सांगितला. तो गृहस्थ हसला. "मला हुसकावून स्वतः घ्यायचीय वाटतं?" भाऊनं वाद घातला नाही. त्याच्या दंडाला धरून त्याला वळणाशी नेलं आणि एक ट्रक खाली येईपर्यंत तिथंच उभं केलं.

ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. त्या गृहस्थाचा चेहरा पांढराफटक पडला.

बहीण-भावाचा पंप पुढं सरळ रस्त्यावर झाला. पहिलं वर्ष रडतखडत गेलं, आणि भाऊनं त्याबद्दल एकदाही तोंड वाकडं केलं नाही.