एजंटाकडची प्रत

नॉर्ब नीहाउस दर वर्षी नवी विमा पॉलिसी आली की जुनी मागच्या अंगणातल्या पिंपात जाळायचा. मुदत संपलेला कागद घरात ठेवणं त्याला उष्टं ताट तसंच ठेवण्यासारखं वाटे. आमच्या दक्षिण इंडियानात असे नीटनेटके लोक गावोगाव आहेत आणि माझं काम त्यांच्यामुळेच अवघड होतं.

मी भूशास्त्र शिकले आणि आता ड्रायक्लीनिंगच्या दुकानांखालची माती तपासते. नॉर्बच्या दुकानामागे आम्ही नऊ बोअर घेतले. सातांत पर्क सापडलं. कपडे धुण्याचं हे द्रावण पाण्याहून जड असतं, त्यामुळे एकदा जमिनीत शिरलं की खाली खाली जात राहतं. घराच्या विहिरीतही ते होतं. सगळी माती साफ करून देण्याचा हुकूम राज्य सरकारने नॉर्बच्या बायकोवर, व्हर्लीनवर बजावला होता. नॉर्बला जाऊन तीन वर्षं झाली होती. हा खर्च विमा कंपनीने उचलला नाही, तर दुकान आणि त्यामागचं राहतं घर दोन्ही विकावं लागणार होतं.

या जुन्या पॉलिसींची मुदत संपली तरी त्या मरत नाहीत. ज्या वर्षी नुकसान झालं, त्या वर्षीची पॉलिसी आजही बांधील असते. फक्त ती दाखवता आली पाहिजे. व्हर्लीनच्या दाव्याला कंपनीने दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं. १९७३ सालच्या अशा पॉलिसीची आमच्याकडे नोंद नाही. असलीच, तरी नीहाउस यांनी परिणाम ठाऊक असताना द्रावण जमिनीवर ओतलं, म्हणून भरपाई मिळणार नाही.

त्या काळी प्रत्येक पॉलिसीची एक पातळ प्रत एजंटाच्या कचेरीत राहायची. धंद्यात तिला ‘डेली’ म्हणत. म्हणून मी व्हर्लीनला एजंटाचं नाव विचारलं.

“डेल्मर शूर,” ती म्हणाली. “माझा भाऊ. आणि मी त्याच्या दारात जाणार नाही.”

आईच्या चाळीस एकरांवरून भांडण झाल्यापासून अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांचा, युकरचा डाव लागला की तो खिडकीशी बसे आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी. तरी त्या शनिवारी मी निघाले, तेव्हा ती माझ्या ट्रकमध्ये येऊन बसली. म्हणाली, मी आत येणार नाही, पण तो तुला बनवेल, म्हणून जवळपास असलेलं बरं.

डेल्मर चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. तो पत्र्याच्या शेडमध्ये मका भरड करण्याच्या यंत्राला तेल देत होता. त्याने माझं ओळखपत्र हात लांब करून वाचलं आणि विचारलं, दगडधोंडे शिकायला चार वर्षं लागतात का. मी सहा म्हटलं. जुने कागद उंदरांनी खाल्ले, असं तो म्हणाला. त्याच्या पाठीमागे लोखंडी कपाटं होती आणि खणांवर सालं लिहिली होती, १९६६ ते १९८९. उंदीर लोखंड खातात का, असं मी विचारलं. ते त्याला आवडलं नाही.

“तिनं पाठवलं ना तुला? तिला सांग, सगळं मिळणार नाही. आईकडूनही मिळालं नाही.”

“आईला तूच फितवलंस,” व्हर्लीन दारातून म्हणाली. ती कधी उतरली, मला कळलं नव्हतं.

मग बराच वेळ दोघांची ते चाळीस एकर, एक ट्रॅक्टर आणि आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला कोणी हॅम आणलं, यावरून जुंपली. त्या भांडणात मला कुठेच जागा नव्हती. शेवटी डेल्मरने १९७३ चा खण ओढला. इतक्या झटक्यात, की कागद त्याने आधीच शोधून ठेवला असावा, असं मला वाटलं.

“हे घे. पहिलं पान घे आणि जा.”

पहिल्या पानावर पॉलिसीचा क्रमांक, नॉर्बचं नाव, दुकानाचा पत्ता सगळं होतं. मागे दुसरं पान टाचलेलं होतं आणि डेल्मर टाचणी नखाने उचकटत होता.

“दुसरंही लागेल,” मी म्हणाले.

“त्यात तुझ्या कामाचं काही नाही. त्यात नॉर्बची अब्रू जाईल. ऐक माझं, व्हर्लीन. त्याच्याच भल्यासाठी सांगतोय.”

व्हर्लीनने त्याच्या हातातून दोन्ही पानं ओढून घेतली आणि चष्मा नसल्यामुळे माझ्याकडे दिली. दुसरं पान म्हणजे कंपनीच्या वतीने केलेली दुकानाची पाहणी होती. मी खालच्या ओळी मोठ्याने वाचल्या. गाळणीतला गाळ व उरलेलं द्रावण गटारात सोडू नये, वाफ साचते. मागच्या खडीवर पसरावं, उन्हात उडून जातं, गवतही मरतं. मालकाने सूचना तत्काळ अमलात आणली, दुकान उत्तम. खाली सही होती, डे. शूर.

हे अर्धं खरं होतं. वरचं उडून जातं. पण खडीतून गेलेलं खाली उतरतं, हे तेव्हा नॉर्ब आणि डेल्मर दोघांनाही ठाऊक नव्हतं. कंपनीच्याच माणसाने ओतायला सांगितलं होतं, मग परिणाम नॉर्बला ठाऊक होते असं कंपनी कुठल्या तोंडाने म्हणणार. हे मी बहीणभावांना समजावून सांगितलं. पण कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

“सरकारचं पहिलं पत्र आलं,” व्हर्लीन म्हणाली, “तेव्हापासून मरेपर्यंत तो एकच सांगायचा. मीच केलं, व्हर्ल, मीच ओतलं. आणि तू त्याच्या अंत्यविधीला मागच्या बाकावर बसला होतास.”

“मी सगळ्यांना तेच सांगायचो. सगळेच एजंट सांगायचे.”

“मला सगळ्यांचं काय करायचंय?”

डेल्मर पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. मी ट्रकमधून छापील प्रतिज्ञापत्र आणलं. ही पानं माझ्या कचेरीतल्या नोंदींतली असून दुसऱ्या पानावरची सही माझी आहे, एवढंच त्यावर होतं. त्याशिवाय कंपनीने ती पानं मानली नसती. ते प्रतिज्ञापत्र हातात धरून त्याने विचारलं की हे न्यायालयात वाचून दाखवतात का. दाखवू शकतात, मी म्हणाले.

“मग गाव काय म्हणेल?”

“नॉर्बला म्हणायचं तेच,” व्हर्लीन म्हणाली आणि ट्रककडे निघून गेली.

त्याने सही केली. घाईत तारखेत मागचं वर्ष पडलं होतं. मी ते खोडायला लावलं, शेजारी पुन्हा सही घेतली आणि दोन्ही पानांची टाचणी होती तशीच आहे ना, ते पाहून घेतलं.