मेन्यूची परीक्षा

शहापूरच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसलेल्या रत्नप्रभाचा पाय सकाळपासून हलत होता. कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा होता, म्हणून कंपनीची काजल नावाची मुलगी नवा मेन्यू घेऊन आली होती. कुणाला काय कुठे सापडतं, एवढंच तिला बघायचं होतं. "परीक्षा तुमची नाही, मेन्यूची आहे," असं तिने गोड हसून सांगितलंही. पण परीक्षा घेणारे असंच म्हणतात, आणि मालक डॉक्टर हाताची घडी घालून शेजारीच उभे होते. अशा वेळी नापास कोण होतं, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणून रत्नप्रभाने तजवीज करून ठेवली होती. औषधांच्या काउंटरवरच्या इंद्रजीतची पाळी आधीच होऊन गेली होती, त्यामुळे काय कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. माऊसचा बाण मेन्यूतल्या चुकीच्या नावावर गेला की त्याने खोकायचं, असं ठरलं होतं.

"जुना पेशंट शोधा," काजल म्हणाली.

बाण 'पेशंट'वर गेला. खोकला. 'नोंदणी'वर गेला. खोकला. 'मास्टर'वर गेला आणि इंद्रजीत गप्प. सापडला! असं करत सगळंच सापडत गेलं.

"इंद्रजीत, औषध घे रे काहीतरी," डॉक्टर म्हणाले.

काजल चक्रावली. "काल तुमच्या मुरबाडच्या शाखेत बाईजाबाईंना यातलं काहीच सापडलं नाही. मला वाटलं, मेन्यूच चुकलाय."

"मेन्यू कशाला चुकेल?" डॉक्टर म्हणाले. "बाईजालाच आता जमत नाही. पुढच्या महिन्यापासून तिथे दुसरी मुलगी बसवू."

रत्नप्रभाने माऊस सोडला. मुरबाडला जायच्या आधी बाईजा याच खिडकीत होती. हातावर हात ठेवून तिनेच रत्नप्रभाला माऊस धरायला शिकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण ही मूठ बाईजाच्या पोटावर बसत होती.

"मॅडम, मलापण नाय सापडत काय," ती एकदम बोलून गेली. "ह्यो खोकत होता म्हणून सापडलं. याला भायेर पाठवा नि परत इचारा."

इंद्रजीत मान खाली घालून निघून गेला. डॉक्टरांच्या कपाळावर आठी चढली.

"मुलाच्या लसीची नोंद काढा," काजल म्हणाली.

रत्नप्रभाने एक नाव दाबलं. नाही. दुसरं दाबलं. तेही नाही. कान तापले, डोळे भरून आले, मालक बघत होते; तरी ती दाबतच राहिली.

"कुठे असायला हवी होती?" काजलने हळूच विचारलं.

"हितं. पोराच्या नावाखाली." तिने पडद्यावर बोट टेकवलं.

काजल डॉक्टरांकडे वळली. "काल बाईजाबाईंनीही इथेच बोट ठेवलं होतं."